भांडं परत करेपर्यंत

नवरा रोज घरात असला तर त्याच्याशी दिवसभर बोलायचं काय, हा प्रश्न मला लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर पडला. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. त्यातली बावीस वर्षं हे अबुधाबीच्या पार पश्चिमेला रुवैसला रिफायनरीत आणि मी बर दुबईत. मधे साडेतीन तासांचा रस्ता. आधी मुलीच्या शाळेसाठी मी दुबईत राहिले, मग माझा डब्यांचा व्यवसाय उभा राहिला म्हणून राहिले, आणि त्यानंतर कशासाठी राहिले ते कुणी विचारलंच नाही. हे सुट्टी लागली की यायचे, सुट्टी संपली की जायचे. दोन दिवस काय, कुणीही गोड वागतं. आम्हीही वागत होतो.

मग हे साठ वर्षांचे झाले आणि निवृत्त झाले. कंपनीचं क्वार्टर महिनाअखेरीला सोडायचं होतं. नेमकं त्याच सुमाराला एका कंत्राटदार कंपनीनं यांना रुवैसलाच आणखी दोन वर्षांचं काम देऊ केलं. उत्तर अमुक गुरुवारपर्यंत हवं. म्हणजे हो म्हटलं तर आणखी दोन वर्षं तीच शुक्रवार-रविवारची ये-जा, आणि नाही म्हटलं तर हे माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, रोज, सकाळपासून.

मी विचारलं, "काय ठरवलंत?"

"बघू. तुला काय वाटतं?"

"नोकरी तुमची. मी काय सांगणार?"

"तसं नाही, पण तरी?"

"तुम्ही ठरवा ना!"

हे एवढं संभाषण आमच्यात किमान सहा वेळा झालं आणि सहाही वेळा इथेच थांबलं. मला काय हवं होतं? आता कुणी म्हणेल, बायकोला नवरा घरीच हवा असणार. मला ते छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पहाटे चारला माझा दिवस सुरू होतो. पावणेबाराला डबे नेणारी गाडी दाराशी उभी राहते आणि तोवर माझ्या स्वयंपाकघरात कुणी मधे आलं तर मी माणूस म्हणून शिल्लक नसते. त्या घरात हे कुठे बसणार, हेच मला डोळ्यांसमोर येत नव्हतं. आणि हे येणार नाहीत असं म्हटलं की तेही नको वाटायचं. दोन्हीकडून बेचैनी.

त्यातच हे म्हणाले, "चल, बोटीनं दलमा बेटावर जाऊन येऊ. शनिवारी निघायचं, रविवारी परत. उत्तर त्यानंतर देऊ."

यांना शिडाची बोट चालवता येते हे मला ठाऊक होतं, पण आपल्या शेजाऱ्यांना सतार वाजवता येते हे जसं ठाऊक असतं तसं. रुवैसला एकट्यानं काढलेल्या संध्याकाळी कुणा सहकाऱ्याच्या बोटीवर हे शिकले होते. तो आता सुट्टीवर मायदेशी गेला होता आणि बोट यांच्या ताब्यात देऊन गेला होता. मी माझ्या मदतनीस बाईवर दोन दिवसांचे डबे सोपवले, पिशवीत रवा, भाजणी, पोहे, तूप असं नेहमीचं भरलं आणि निघाले. मुलीला कळवलं तर तिचं उत्तर, "Aai, you? On a boat? Send pics!"

समुद्रावर पहिले चार तास मी फक्त घड्याळ पाहिलं. वारा असला की जायचं, नसला की बसायचं, याला प्रवास म्हणतात हे मला पटतच नव्हतं. मी तीनदा विचारलं, "इंजिन का नाही लावत?" हे म्हणाले, "वारा येईल." दलमाचा धक्का दिसल्यावर एकदाचं इंजिन लावलं आणि दहा मिनिटांत त्यातून वाफ यायला लागली. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा एक पंप असतो, त्यातलं रबरी चाक फाटलं होतं. शिडावर कसंबसं धक्क्याला लागलो; इंजिनाशिवाय परत निघायचं नाही, असं हे म्हणाले. मी पिशवी आवरायला घेतली. बोलले असते तर फार बोलले असते.

धक्क्यावर एक मल्याळी मेकॅनिक भेटला. बेटावर बरीच वर्षं राहिलेला, कुठल्याही गोष्टीनं न दचकणारा. त्यानं ते चाक बोटांत फिरवलं आणि म्हणाला, "ये इधर नहीं मिलेगा मॅडम. अबुधाबी से फेरी में आएगा."

"कब?"

"कल. परसों. इन्शाल्ला."

"कल या परसों?"

"हां मॅडम," तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

संध्याकाळी तोच एक झाकणाचं मोठं ॲल्युमिनियमचं भांडं घेऊन आला. धक्क्यासमोरच्या घरात एक म्हातारी एमिराती बाई राहते, तिनं बोटीवर बाईमाणूस पाहिलं म्हणून पाठवलंय म्हणाला. आत मासळीभात. दोघांना तीन वेळा पुरेल एवढा. आम्ही जेवलो, उरलेला काढून ठेवला, मी भांडं घासलं आणि मग ते हातात धरून बसले.

हे म्हणाले, "काय झालं?"

"रिकामं कसं द्यायचं?"

माझ्या धंद्यात रोज साठ डबे रिकामे परत येतात, काही न धुता येतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण शेजारणीनं आपुलकीनं पाठवलेलं भांडं रिकामं परत करायचं म्हणजे हात उचलवत नाही. साधा साखरेचा दाणा तरी आत हवा. आईनं कधी शिकवलं असंही आठवत नाही, ते अंगातच असतं. तर रविवारी सकाळी मी बोटीवरच्या त्या एकुलत्या एका शेगडीवर शिरा केला.

रविवारीच दुपारी एक फेरीबोट मुख्य भूमीकडे जाणार होती. मी ठरवलं होतं की आपण तिनं जायचं, यांनी बोट घेऊन सावकाश यावं. सोमवारचे डबे माझ्या डोळ्यांसमोर नाचत होते. बॅग भरली, शिऱ्याचं भांडं घेऊन समोरच्या दाराशी गेले, तर कळलं की बाई दुपारच्या नमाजानंतर झोपतात, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाला उठतात. मी भांडं दाराशी ठेवून जाऊ शकले असते. कुणाच्याही हातात देऊ शकले असते. पण पहिल्यांदाच देतोय, तोंडदेखलं तरी दोन शब्द बोलायला नकोत का? "अर्धा तास थांबते," असं म्हणत मी दीड तास थांबले. फेरीचा भोंगा मी त्या बाईंच्या ओसरीवर बसून ऐकला.

त्या उठल्या, शिरा घेतला, माझा हात हातात धरला आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "तुम कल भी है? अच्छा." डोळ्यांच्या उपचारासाठी त्या पूर्वी काही महिने मुंबईत राहिल्या होत्या, तिथली ही हिंदी. मेकॅनिक त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

परत बोटीवर आले तेव्हा यांनी माझी भरलेली बॅग जागच्या जागी ठेवली होती. "गेली ना फेरी?" म्हणाले. आवाजात काय होतं कुणास ठाऊक. मला वाटलं, चिडवताहेत. मी म्हटलं, "हसा! तुमचं काय जातंय?" ते हसत नव्हते, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

सोमवारी शमाल सुटला. उत्तरेकडून येणारा हा वारा सुटला की दोन-तीन दिवस समुद्र खवळलेला असतो आणि फेऱ्या बंद. म्हणजे चाकही येणार नाही आणि मीही जाणार नाही. आणि सकाळी मेकॅनिक परत तेच भांडं घेऊन हजर. या वेळी आत गोड शेवया, केशर-वेलचीच्या, आणि त्यांच्यावर चक्क आम्लेट. मी झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. हे म्हणाले, "यांच्याकडे नाश्त्याला असंच असतं. खाऊन बघ, छान लागतं." म्हणजे यांना माहीत होतं. आणखी काय काय माहीत आहे यांना, जे मला माहीत नाही?

त्याच दिवशी चहा करताना मी सवयीनं यांच्या कपात दीड चमचा साखर घातली. हे हळूच म्हणाले, "साखर नको घालूस. मी तीन वर्षांपासून बिनसाखरेचा पितो."

"तीन वर्षं? आणि घरी?"

"घरी तू घालतेस."

"मग सांगायचं नाही?"

"दोनच दिवस असतो. पितो."

मला इतका राग आला की मी कप तसाच ठेवून धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले. कुणाचा राग आला ते मात्र नीट सांगता येईना. तीन वर्षं दर सुट्टीला हा माणूस माझ्यासमोर बसून गोड चहा पीत होता आणि मी "कसा झालाय?" विचारत होते आणि तो "मस्त" म्हणत होता.

मंगळवारी वारा तसाच. मी शेवयांच्या बदल्यात थालीपिठं दिली होती, त्यांच्या बदल्यात खजूर आणि ताजं दही आलं. भांडं परत माझ्याकडे. माझी भाजणी संपत आली होती. हे म्हणाले, "आता पुरे की. रिकामं दे."

"तुम्ही द्या रिकामं. मी नाही देणार."

"अगं, पण असं किती दिवस चालणार?"

"त्यांना विचारा. त्या का भरून पाठवतात?"

दिवसभर करायला काहीच नव्हतं. हे काहीच नसणं मला येत नाही. मी बोटीतली भांडी दोनदा घासली, यांचे शर्ट घड्या घालून रचले, घड्या विस्कटल्या नव्हत्या तरी परत घातल्या. दुबईला फोन केला तर मदतनीस म्हणाली, "दीदी, सब ठीक है, आप आराम करो." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट मलाच कुणीतरी सुट्टी देऊन टाकल्यासारखं झालं. आणि हे? हे तासन् तास एक तुटका दोर विणत बसायचे. पाय धक्क्यावरून खाली सोडलेले, तोंडानं काहीतरी गुणगुणणं. एकदा मला म्हणाले, "बस ना जरा." मी म्हटलं, "बसून काय करू?" ते पुन्हा दोराकडे वळले.

यावर त्यांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. मी चिडत होते ती त्या पंपावर, वाऱ्यावर, त्या "इन्शाल्ला"वर. आणि खरं म्हणजे गुरुवारवर. कंत्राटदार कंपनीचं ते पत्र यांच्या फोनमध्ये पडून होतं आणि आम्ही दोघंही ते नसल्यासारखं वागत होतो. उठसूट घड्याळ बघणं, सुस्कारे टाकणं, "आज तरी येणार का फेरी?" हे मात्र सगळं यांच्यासमोर चाललं होतं. अकरा मीटरच्या बोटीवर दुसरं कुणाच्या समोर चालणार?

बुधवारी सकाळी समुद्र एकदम शांत. मेकॅनिकनं दुरूनच ओरडून सांगितलं, "मॅडम, फेरी निकला! पार्ट आता है!" मी टुणकन उठले. म्हटलं, आता हे भांड्याचं प्रकरण मिटवायचं. उरलेल्या पोह्यांचे कांदेपोहे केले. भांडं घेतलं आणि मनाशी पक्कं केलं, की ठेवायचं, नमस्कार करायचा, पाच मिनिटांत परत.

खालांनी झाकण उघडलं, पोहे पाहिले आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "बस करो! मैं थक गई."

मला कळेना. मी म्हटलं, "क्या हुआ?"

"तुम खाली नहीं भेजता. हमारा घर में भी बर्तन खाली नहीं जाता. मैं रोज सोचती, ये हिंदी औरत रुकता क्यों नहीं!"

क्षणभर मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग अशी हसत सुटले की डोळ्यांतून पाणी आलं. त्याही हसत होत्या, बुरख्याचं टोक तोंडाशी धरून. चार दिवस आम्ही दोघी एकमेकींच्या रीतीत अडकलो होतो आणि दोघींनाही वाटत होतं की समोरचीच ऐकत नाही. "खलास," त्या म्हणाल्या आणि भांडं स्वतःच्या मागे, मला दिसणार नाही असं ठेवून दिलं. "अब बैठो. क्यों जल्दी?"

आणि मी बसले. का, ते सांगता येणार नाही. फेरी येणार होती, चाक येणार होतं, दुपारी निघताही आलं असतं. पण मी भिंतीला टेकून बसले आणि कावा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, प्याले, मग आणखी एक कावा. आम्ही फार बोललोही नाही. एवढी हिंदीच नव्हती त्यांच्याकडे. त्यांचा नवरा मासेमारीच्या मोठ्या होडीवर असायचा, महिनोन् महिने बाहेर. म्हातारपणी घरी राहायला आला. मी विचारलं, "फिर?"

"फिर क्या. पहले गुस्सा बहुत. इधर क्यों बैठा, उधर क्यों बैठा. बहुत धीरे खाता था. मैं प्लेट पकड़के खड़ी." त्यांनी माझा पेला परत भरला. "फिर आदत हो गया. फिर अच्छा."

"कितना टाइम लगा?"

त्यांनी हात हवेत हलवला. मोजलं नव्हतं त्यांनी. मी मोजलं असतं, तो फरक.

उठले तेव्हा दोन तास होऊन गेले होते, आणि दोन तास झाले हे मला त्यांच्या अंगणातल्या उन्हावरून कळलं. मनगट मी पाहिलंच नव्हतं. धक्क्याकडे चालत येताना मला एक गोष्ट अचानक अगदी स्वच्छ कळली. हे घरात कुठे बसतील, मी स्वयंपाकघरात यांच्यावर किती वेळा खेकसेन, याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नव्हतं. पण मला आणखी दोन वर्षं शुक्रवारची वाट बघायची नव्हती. हे सांगायचं म्हणून मी भरभर चालू लागले. पाच दिवसांत पहिल्यांदा कशासाठी तरी घाई करावीशी वाटली.

हे धक्क्याच्या टोकाला उभे होते, जिथे फोनला रेंज नीट मिळते. मला पाहून हात केला. हात ग्रीसनं काळे झाले होते.

"चाक बसलं," म्हणाले. "पंप चालतोय. उद्या पहाटे निघू, दुपारी तू बर दुबईत."

"अहो, ऐका ना..."

"आणि तेही उरकून टाकलं. कंपनीला हो कळवलं आत्ता."

मी उभी राहिले. "हो? कधी?"

"आत्ताच, दहा मिनिटं झाली. गुरुवारपर्यंत कशाला ताणायचं?" मग फोन खिशात घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच दिवस बघतोय मी. तुझा जीव घुसमटतो माझ्याबरोबर. दोन दिवसांचीच सवय आहे गं आपल्याला. त्यात तुझी काही चूक नाही. म्हटलं, तुला आणखी त्रास नको."

मला सांगायचं होतं की मी तुमच्यावर नाही, पंपावर चिडले होते. सांगायचं होतं की परत पत्र लिहा, दहा मिनिटांत काय बिघडलंय, माणसं पत्र मागे घेतात. वाक्यं सगळी तोंडात होती. पण त्यांच्या आवाजात इतका समजूतदारपणा होता की मला वाटलं, यांनाच जायचं असेल. रुवैसमध्ये यांचं सगळं आहे, दोर आहेत, बोट आहे, बिनसाखरेचा चहा आहे. माझ्यावर घालून सुटका करून घेताहेत. मग मी कशाला अडवू? बावीस वर्षांत कधी अडवलं नाही.

"बरं केलंत," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. लगेच सावरलाही, "चल, जेवू या," म्हणालेही, पण मला जे दिसायचं ते दिसलं. हा माणूस पाच दिवस, नव्हे, त्याच्याही आधीपासून, मी एकदा तरी "नका जाऊ" म्हणते का याची वाट बघत होता. "हो" कळवून झाल्यावरसुद्धा त्या धक्क्यावर उभा राहून वाटच बघत होता.

मी तेव्हाही म्हटलं नाही. ते पुढे चालत होते, मी मागून. बोटीपर्यंत पन्नासेक पावलं असतील.

त्याला आता चौदा महिने झाले. हे शुक्रवारी येतात, रविवारी जातात. गाडी सुरू होते तोवर मी खिडकीत असते, आणि दर रविवारी ते एकदा वर बघतात, जरा जास्तच वेळ, आणि मी हात हलवते.